मास्तरांची उमेदवारी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे आणि चार विचारांचे शब्द ऐकावेत, ही प्रथा पुढे महाराष्ट्रात गावोगावी रुजली. अशा व्यासपीठावर आजवर विद्वान मंडळी बोलत आली आहेत. आम्ही विद्वान नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मागाच्या शेडमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. बोलण्याची सवय आहे ती गेटसभेची. एक पाळी सुटते आणि दुसरी भरते, त्या मधल्या वीस मिनिटांत सगळे सांगून मोकळे व्हावयाचे. इथे चालकांनी पाऊण तास दिला आहे. तो कसा भरावा याची आम्हाला काळजीच वाटते. बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणतो तेही मोठेपणासाठी नव्हे. तीस वर्षे युनियनचे काम करून 'मी' म्हणावयाची सवय मोडली आहे, इतकेच. त्या सवयीचा एक तोटाही आहे. तो पुढे ओघात येईलच.

चालकांनी 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा विषय कळवला होता. आम्ही उलट कळवले की, एका निवृत्त मास्तरांनी शिक्षण मंडळाच्या जागेसाठी उमेदवारी केली होती, त्या हकिकतीवर बोलू. चालकांना वाटले असेल, ह्या गृहस्थाने विषय बदलला. आमच्या मते विषय तोच आहे.

मास्तरांचे नाव आम्ही सांगणार नाही. त्यांनीच तशी अट घातली आहे. गावाचे नावही नको. यंत्रमागाचे आणि विड्या वळणारांचे गाव, एवढे पुरे. अशी गावे आपल्याकडे थोडी नाहीत.

प्रथम हे शिक्षण मंडळ म्हणजे काय ते पाहू, कारण आता ते राहिले नाही आणि तरुण मंडळींना त्याची माहिती असण्याचे कारण नाही. आपल्या इलाख्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला कायदा १९१८ साली झाला, तो विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने. त्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. त्याच्या आधीच, १९०६ साली, बडोद्याला सयाजीरावांनी आपल्या सबंध संस्थानात ते सक्तीचे केले होते, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तसा कायदा केला होता. नामदार गोखल्यांनी १९११ साली सबंध हिंदुस्थानासाठी असे बिल मांडले, ते पुढल्या वर्षी नापास झाले. १९२३ सालच्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला, आणि १९४७ सालच्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने त्याची नवी घडी बसवली. जिल्ह्यांची स्कूल बोर्डे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा गेली. पण ज्या नगरपालिकांकडे शाळा होत्या त्यांची शिक्षण मंडळे त्यानंतरही पन्नास वर्षे चालली.

मंडळाच्या सभासदांना तुम्हीआम्ही मते देत नव्हतो. नगरसेवक ती निवड करीत. सभासद नगरसेवकच असला पाहिजे असे मात्र नव्हते, बाहेरचा माणूसही घेता येई. कायदा करणारांचा हेतू चांगला होता. राजकारणात न पडणारा, पण शिक्षणातले कळणारा माणूस आत यावा अशी ती वाट होती. प्रत्यक्षात काय होई ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला नगरपालिकेचे तिकीट देता आले नाही, त्याची समजूत घालण्यासाठी ती जागा वापरली जाई. मंडळाच्या हातात शाळांची बांधकामे, बाके, गणवेश, वह्या यांची खरेदी असे. ज्याचे लक्ष खरेदीवर असे तो मंडळाची खटपट करी. ज्याचे लक्ष मुलांवर असे तो सहसा त्या वाटेला जात नसे.

आमचे मास्तर गेले. साल २००७.

मास्तर नगरपालिकेच्या शाळेत अडतीस वर्षे होते. शेवटची सहा वर्षे मुख्याध्यापक. त्यांची शाळा गोदामासारखी लांबट. एका भिंतीपलीकडे माग चालत, त्यामुळे ह्या शाळेतल्या मास्तरांचा आवाज मोठा आणि मुलांचाही. आम्ही त्याच शाळेत शिकलो. १९८३ साली वडिलांना क्षयाने धरले आणि आम्ही तेराव्या वर्षी कांड्या भरावयाला शेडमध्ये गेलो. तेव्हा मास्तर दोनदा घरी येऊन गेले. तिसऱ्या वेळी आले ते शेडवर. मालकाशी काय बोलले ते माहीत नाही, पण त्या दिवसापासून आम्हाला संध्याकाळी सातला सोडू लागले आणि मास्तर रात्री आठ ते दहा आपल्या घरी आम्हा पाचसहा पोरांना वाचावयाला बसवू लागले. आज तुमच्यापुढे उभे राहून आम्ही जी चार सनावळ्यांची नावे घेतली, त्यांचे मूळ त्या ओट्यावर आहे.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ दिले. त्यांच्याकडे मात्र दुसरीच एक वस्तू होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तशी लांबट वही. त्या वहीत त्यांनी अडतीस वर्षे एकच गोष्ट लिहिली होती. जे मूल वर्षाच्या मधे शाळा सोडून गेले त्याचे नाव, इयत्ता, तारीख आणि कारण. शाळेच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर' एवढेच लिहिण्याची पद्धत असते. मास्तरांच्या वहीत कारण खरे असे. 'आई बाळंत, धाकटे सांभाळावयास.' 'उचल फेडावयाची, मागावर.' 'विड्या वळते. आईचा हजार पुरा होत नाही म्हणून.' 'मोठी झाली. शाळेत आडोसा नाही.' हे शेवटचे कारण मुलींच्या नावापुढे पुन्हा पुन्हा होते.

ती वही घेऊन मास्तर २००७ साली युनियनच्या कचेरीत आले. म्हणाले, "मी शिक्षण मंडळाला उभा राहतो आहे. नगरसेवकांच्या दारी जावे लागेल. तुमच्या बाजूचे तीन नगरसेवक आहेत. त्यांची मते मला हवीत."

आम्ही विचारले, "मास्तर, ह्या वयात कशाला हा व्याप? तिथे तुमच्या जातीचा माणूस टिकायचा नाही."

'जात' म्हणजे स्वभाव, असे आम्हाला म्हणावयाचे होते. मास्तर म्हणाले, "अरे, अडतीस वर्षे अर्ज केले. मुतारी पाहिजे, पाणी पाहिजे, तिसऱ्या वर्गाला मास्तर पाहिजे. नोकर म्हणून अर्ज केले. नोकराने अर्जच करावयाचा असतो. आता नोकरी नाही. आता मागणी करीन." आणि त्यांनी वही उघडून १९८३ सालचे पान आमच्यापुढे धरले. तिथे आमचे नाव होते. 'बाप आजारी. कांड्या भरतो. वाचनाची गोडी आहे.'

आम्ही त्यांना शब्द दिला नाही, पण नाहीही म्हटले नाही. युनियनमध्ये राहून ही एक कला माणूस शिकतो.

आता ह्या हकिकतीतला आमचा भाग. त्याच महिन्यात नगरपालिकेतल्या सफाई कामगारांचा प्रश्न ऐन भरात होता. एक्केचाळीस माणसे दहा-बारा वर्षे कंत्राटावर राबत होती. तीच गटारे, तेच झाडू, पण कायम कामगाराच्या निम्म्याहून कमी पगार. ना रजा, ना प्रॉव्हिडंट फंड. त्यांना कायम करण्याचा ठराव आम्ही दोन वर्षे मागत होतो. सत्तेवरच्या गटाकडून निरोप आला की, ठराव येत्या सभेत घेऊ. मात्र शिक्षण मंडळाला आमचा माणूस निवडून यावयाचा आहे, तुमची तीन मते द्या. तो माणूस कंत्राटदाराचा मेहुणा होता. शाळेशी त्याचा संबंध इतकाच की, तिच्या मैदानावर त्याची वाळू पडलेली असे.

रात्री कचेरीत आम्ही पाच जण बसलो. दोन तास बोलणे झाले. एका बाजूला एक्केचाळीस घरांची चूल, दुसऱ्या बाजूला एका मास्तरांची जागा. असा हिशेब मांडला की उत्तर ठरलेलेच असते. आम्ही तीन मते दिली. ठराव झाला. मास्तर पडले. आमची मते त्यांना पडली असती तर ते निवडून आले असते. इथे 'आम्ही' ह्या शब्दाचा तोटा दिसतो. 'आम्ही दिली' म्हटले की पाचांत वाटून जाते, एकट्याच्या अंगाला थोडे लागते. त्या पाचांत शेवटचा शब्द आमचाच होता, हे आज ह्या सभेत सांगितले पाहिजे.

मंडळी, ते एक्केचाळीस कामगार पुढे कायम झाले. त्याला २०११ साल उजाडले, शासनाच्या मंजुरीसाठी मुंबईला खेटे घालावे लागले, पण झाले. तेव्हा आमचा सौदा फुकट गेला असे म्हणावयाची सोय नाही. फुकट गेला असता तर पश्चात्ताप सोपा झाला असता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मास्तरांकडे गेलो. ते अंगणात पाणी घालीत होते. आम्ही सगळे सांगितले, काही लपवले नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "एक्केचाळीस माणसांचे काम झाले, चांगले झाले. पण एक विचारतो. त्या एक्केचाळीस जणांची मुले कोणत्या शाळेत आहेत?"

आम्हाला सांगता येईना. एक्केचाळीस जणांचा पगार, भरतीची तारीख, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली कोण, हे सगळे आम्हाला तोंडपाठ होते. मुले कुठे शिकतात हे विचारावे असे कधी सुचले नव्हते. मास्तरांनी आत जाऊन वही आणली. पंचवीसएक मुले त्यांच्याच शाळेत होती, आणि तिघांची नावे वहीत येऊन पडलेली होती.

ह्यानंतर युनियनची सर्वसाधारण सभा झाली. विडी कामगार बायांपैकी एक जण उठली. ती एरवी सभेत बोलत नसे. म्हणाली, "भाऊ, मते तुमची, ती कुणालाही द्या. पण आमच्या पोरांचा मास्तर तुम्ही कुणाला विचारून दिलात?" आमच्या युनियनमध्ये निम्म्याहून अधिक सभासद बाया. त्या रात्री कचेरीत बसलेल्या पाचांत बाई एकही नव्हती. मुलांना शाळेत धाडणे, न धाडणे हे ज्यांच्या जिवावर येते त्यांना आम्ही विचारलेच नव्हते. आमची चूक मते कुणाला दिली ह्यात होती की नाही, ह्यावर आजही कचेरीत दोन मते आहेत. न विचारता दिली ही चूक होती, ह्याबद्दल दुमत नाही.

त्यानंतर आम्ही वाचावयाला लागलो. सवय मास्तरांचीच. जगात इतरत्र ह्या शाळांच्या मंडळांचे काय झाले, कामगारांनी त्यात काय केले, हे पाहावे म्हटले. आणि जे सापडले त्याने आमचा हिशेबच चुकलेला निघाला.

विलायतेत १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि गावोगावी स्कूल बोर्डे आली. ती लोकांच्या मतांनी निवडली जात. पार्लमेंटला स्त्रियांना मत नव्हते, पण कर भरणाऱ्या स्त्रियांना बोर्डाला मत होते आणि स्त्रियांना उभेही राहता येई. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट ह्या डॉक्टरीण बाई सत्तेचाळीस हजारांवर मते घेऊन आल्या. मत देण्याची रीतही निराळी होती. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकालाच द्यावयाची मोकळीक. त्यामुळे थोडेथोडके लोकही एकजूट करून आपला एक माणूस आत पाठवू शकत. त्याच बोर्डावर बेंजामिन ल्यूक्राफ्ट नावाचा, लाकडी सामान घडवणारा कारागीर निवडून आला. हातावर पोट असणारा. तो तिथे वीस वर्षे टिकला, आणि शिक्षण मोफत झाले पाहिजे हा त्याचा हेका होता. १८९१ साली विलायतेत प्राथमिक शिक्षण बहुतेक मोफत झाले.

आता पुढचे ऐका. १८८८ सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या पूर्व भागात काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींनी संप केला. त्यांची बाजू लेखणीने आणि सभेत मांडणाऱ्या बाई म्हणजे ॲनी बेझंट. त्याच बेझंटबाई पुढे १८९३ साली आपल्या देशात आल्या आणि १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. संपाच्याच वर्षी, नोव्हेंबरात, त्या त्याच भागातून स्कूल बोर्डावर निवडून आल्या. बोर्डावर जाऊन त्यांनी उपाशी मुलांच्या जेवणाचा प्रश्न धरला. आणि १८८९ साली लंडनच्या स्कूल बोर्डाने असा नियम केला की, शाळांची कामे ज्या कंत्राटदाराला द्यावयाची त्याने कामगारांना रास्त मजुरी दिली पाहिजे. सार्वजनिक संस्थेने असा नियम करावा ही तिथली अगदी सुरुवातीची गोष्ट.

आम्ही हे वाचले आणि पुस्तक मिटून बसलो. आम्ही मास्तरांची जागा एका तागडीत आणि कंत्राटी कामगार दुसऱ्या तागडीत घातले होते. लंडनच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले होते की, शाळेच्या मंडळावर आपला माणूस असला तर तो कंत्राटी कामगाराच्या मजुरीचेही बघू शकतो. ज्याने आम्हाला सौदा सांगितला त्याच्या सोयीसाठी त्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. कामगार शेडमध्ये कामगार असतो आणि घरी बाप असतो, तो माणूस एकच. युनियनने त्याला फाटकाच्या आत ओळखले आणि फाटकाबाहेर ओळखले नाही.

अमेरिकेत अजूनही शाळांची बोर्डे आहेत, तेरा हजारांच्या आसपास, आणि बहुतेक ठिकाणी ती थेट लोकांच्या मतांनी निवडली जातात. तिथे बहुतेक ठिकाणी नोकरीतल्या शिक्षकाला आपल्याच बोर्डावर बसता येत नाही. मालक आणि नोकर एकच कसा चालेल, हा त्यांचा मुद्दा, आणि तो रास्त आहे. म्हणून निवृत्त झालेले शिक्षक उभे राहतात. आपल्या मास्तरांनी तेच केले होते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि आम्ही युनियनचे आहोत म्हणून तो आम्हीच घेतो. निवृत्त मास्तर म्हणजे काही सद्गुणांचा पुतळा नव्हे. काही जण बदल्यांचे हिशेब चुकते करावयाला येतात. काही जणांना चाळीस वर्षे हुकूम देण्याची सवय असते, ती सभेत जात नाही. शिक्षकांची संघटना मोठी असली तर तो मुलांऐवजी शिक्षकांचा प्रतिनिधी होऊन बसतो. हे सगळे खरे. तेव्हा मास्तर आहे म्हणून मत द्या असे आम्ही म्हणत नाही. उमेदवाराला विचारा, शाळा सोडून गेलेल्या मुलांची तुझी यादी कुठे आहे? ज्याच्याकडे ती असेल त्याचा धंदा कोणता हे विचारण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपल्या विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत. पण घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे त्यांना मत देतो तो माध्यमिक शाळेच्या खाली नसलेल्या संस्थेतला शिक्षक. प्राथमिक शाळेचा मास्तर, जो अक्षर गिरवून घेतो, त्याला शिक्षक म्हणून तिथे मत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा म्हणून मागणी केली आणि त्याच निवेदनात शिकवून तयार केलेल्या मास्तराला बारा रुपयांहून कमी पगार असू नये असेही सांगितले. शाळेचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न त्यांनी एकाच कागदावर लिहिला. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी झाले. तेव्हा आम्ही काही नवे सांगत नाही. आमच्याच घरातले आम्ही विसरलो होतो.

लंडनचे बोर्ड आज नाही. १९०२ सालच्या कायद्याने विलायतेतली स्कूल बोर्डे मोडण्यास सुरुवात झाली. आपली नगरपालिकांची शिक्षण मंडळे २०१३ सालच्या कायद्याने मोडीत निघाली. काही ठिकाणी मुदत संपेपर्यंत ती रेंगाळली. खरेदीच्या भानगडी पाहता पुष्कळांना बरेच वाटले. आम्हालाही वाटले असते. पण मास्तर म्हणाले, "घाण झाली म्हणून विहीर बुजवली. आता पाणी कुठले?"

पाणी आहे. थोडे आहे, पण आहे. तेच सांगावयाला आज आलो. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २१ व्या कलमाने शासकीय, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात पाऊण हिस्सा पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेवर देखरेख करावयाची, शाळेच्या विकासाचा आराखडा करावयाचा आणि आलेले पैसे कुठे गेले ते पाहावयाचे, ही तिची कामे कायद्यात लिहिलेली आहेत. उरलेल्या पाव हिस्स्यात गावातला एखादा शिक्षणातला जाणकार घेता येतो, आणि तो पालकांनी ठरवावयाचा. नगरसेवकांनी नव्हे.

आमच्या मास्तरांना २०१२ साली त्यांच्या जुन्या शाळेच्या पालकांनी असे घेतले. ह्या निवडणुकीला सौदा करावयास कोणी आले नाही, कारण समितीच्या हातात वाळू नाही. पण पहिल्या दोन सभांना गणपूर्तीही झाली नाही. मास्तरांनी कारण शोधले. सभा मंगळवारी दुपारी ठेवलेली. विडी वळणारी बाई दुपारी उठून शाळेत आली तर तिचा त्या दिवसाचा हजार पुरा होत नाही आणि मजुरी तुटते. मागवाल्याची पाळी चालू. म्हणजे पालकांची समिती कायद्यात होती आणि पालक कामावर होते. मास्तर पुन्हा युनियनच्या कचेरीत आले. ह्या वेळी मते मागावयास नव्हे. म्हणाले, "तुमच्या गावात आठवड्याची सुटी कधी असते हे हेडमास्तरांना ठाऊक नाही. तुम्हाला आहे."

सभा मागाच्या सुटीच्या संध्याकाळी ठरू लागली. युनियनच्या फळ्यावर पगाराच्या तारखेखाली समितीच्या सभेची तारीख आम्ही लिहू लागलो. त्या सर्वसाधारण सभेत उठलेल्या बाईच समितीच्या अध्यक्ष झाल्या. मुलींच्या मुताऱ्यांना दार आणि पाणी ह्यासाठी त्यांना चौदा महिने लागले. चौदा महिने, मंडळी, एका दारासाठी. पण त्या थांबल्या नाहीत. पुढे वहीत ते एक कारण पुन्हा लिहावे लागले नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांची मुले-नातवंडे नगरपालिकेच्या शाळेत जात नाहीत, हे आम्ही जाणतो. तुम्ही म्हणाल, आमचा ह्याच्याशी संबंध काय? घरी गेल्यावर घरपट्टीचे बिल काढून बघा. त्यात शिक्षण कर म्हणून एक ओळ असते. पैसे तुम्ही देता, मग विचारणा का करीत नाही? आणि पैशाचे राहू द्या. तुमच्या घरी धुणेभांडी करणारी बाई, तुमच्या दुकानातला पोऱ्या, तुमच्या गल्लीतला झाडूवाला ह्यांची मुले तिथे आहेत. आमच्यासारखीच चूक तुमचीही होत असेल. त्यांचा पगार तुम्हाला माहीत आहे. मुलांची शाळा माहीत आहे काय?

तेव्हा तीन गोष्टी मागतो. पहिली, उद्या त्यांना मुलांची शाळा विचारा. दुसरी, जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा तुमच्या जवळच्या शाळेची समितीची सभा कधी असते ते मुख्याध्यापकांना विचारून घ्या, आणि ती कामाच्या वेळेत असेल तर बदलून मागा. तिसरी, तुमच्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ बसलेले दिसतात. तुम्ही सकाळी फिरावयास जाता, वर्तमानपत्र वाचता, शिक्षणाची स्थिती वाईट झाली म्हणून हळहळता. पालकांपुढे जा आणि सांगा की मला समितीत घ्या. कदाचित घेणार नाहीत. आमचे मास्तरही पहिल्या वेळी पडलेच होते, आणि त्यांना पाडणारे आम्हीच होतो.

मास्तर आज सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. दिसते कमी, म्हणून मागच्या वर्षी त्यांनी वही आमच्या हवाली केली. आता ती युनियनच्या कपाटात, सभासदांच्या रजिस्टराशेजारी असते. ह्या वर्षी तिच्यात तीन नावे लिहावी लागली. त्यांतले एक मूल दिवाळीनंतर परत आले, त्याच्या नावापुढे तशी नोंद केली आहे. उरलेल्या दोघांच्या घरी आम्हाला जावयाचे आहे. सुटी संपण्याच्या आत.